जुना पिकअप बदलण्यापूर्वी त्याचा इतिहास वाचावा

१/१४
आर्चटॉप जॅझ गिटारचा जुन्या घडणीचा पिकअप गुणगुणू लागला, की ‘बदलून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. माझे मत नेमके उलट आहे. अशा पिकअपविषयीच्या अनेक तक्रारींचे मूळ बिघाडात नसतेच. ते मूळ रचनेत असते, नाहीतर एखाद्या सुटलेल्या जोडात. हे पटण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल. #धागा

२/१४
व्हायोलिनप्रमाणे वरची पाटी कोरून फुगीर केलेली, इंग्रजी ‘एफ’ अक्षराच्या आकाराची छिद्रे असलेली गिटार म्हणजे आर्चटॉप. १९२२ च्या सुमारास अमेरिकेतील कॅलमझू येथील गिब्सन कंपनीत लॉइड लोर यांच्या देखरेखीखाली एल-५ हे वाद्य घडले आणि या घराण्याचा पाया घातला गेला. विजेविना वाद्यवृंदात ऐकू जाणे, हा त्या कोरीव पाटीचा हेतू.

३/१४
परंतु ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांच्या गर्दीत ती कोरीव पाटीही अपुरी पडू लागली. गिटारवादकाच्या वाट्याला केवळ ताल धरणे उरले. १९३६ मध्ये गिब्सनने ईएस-१५० बाजारात आणली. ‘ईएस’ म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश. गिटार आणि अॅम्प्लिफायर मिळून किंमत सुमारे १५० डॉलर.

४/१४
तिचा पिकअप साधा, पण अवजड होता. पाटीखाली दोन लांब चुंबक, त्यांना भिडलेली पोलादी पट्टी आणि पट्टीभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. वरून दिसत ती केवळ पट्टीची कड आणि तीन स्क्रू. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि गुंडाळीत सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो. सारी किमया एवढीच.

५/१४
या पिकअपला आज चार्ली ख्रिश्चन यांच्या नावाने ओळखतात. १९१६ मध्ये जन्मलेला हा तरुण १९३९ च्या ऑगस्टमध्ये बेनी गुडमन यांच्या संचात आला आणि सॅक्सोफोनच्या तोडीने एकेक स्वराची आलापी गिटारवर करू लागला. २ मार्च १९४२ रोजी क्षयाने त्याचा अंत झाला. वय अवघे २५. तीन वर्षांहून कमी काळात त्याने या वाद्याची जागाच बदलली.

६/१४
आता तक्रारींकडे वळू. पहिली : ‘दुसरी तार बाकीच्यांपेक्षा मोठ्याने वाजते.’ ही तक्रार तेव्हाच्या कारागिरांनाही ठाऊक होती. तिसरी तार वेटोळ्याची, तिचा पोलादी गाभा बारीक. दुसरी तार सबंध पोलादाची. पिकअपला पोलाद जाणवते, म्हणून दुसरी तार वरचढ ठरते. पुढे त्या पट्टीला दुसऱ्या तारेखाली खाच पाडली गेली ती याचसाठी.

७/१४
आजही प्रथम तारा पाहाव्यात. आर्चटॉपवर ब्राँझच्या वेटोळ्यांच्या तारा चढवल्या, तर ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही. मग खालचे चार स्वर मवाळ आणि वरचे दोन कर्कश, असा विपर्यास होतो. निकेलच्या वेटोळ्यांचा संच लावून पाहावा. ज्या तक्रारीवर तारांचा एक संच हा उपाय आहे, तिच्यासाठी नवा पिकअप का घ्यावा?

८/१४
दुसरी तक्रार गुणगुणीची. एकेरी गुंडाळी तारांचे कंपन टिपते, तशीच आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्रही टिपते. अमेरिकेत ती गुणगुण ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. गिटार हातात धरून जागच्या जागी वळावे. एका दिशेला आवाज कमी झाला, तर तो बिघाड नसून त्या रचनेचा स्वभाव आहे, असे समजावे.

९/१४
या स्वभावावरचा उपाय इतिहासात नोंदलेला आहे. गिब्सनमधील सेथ लव्हर यांनी दोन गुंडाळ्या परस्परविरुद्ध जोडून गुणगुण छाटली. पेटंटचा अर्ज १९५५ चा, मंजुरी १९५९ ची. मात्र दोन गुंडाळ्यांचा नाद एकेरीसारखा नसतो. ज्याला १९३९ चा स्वर हवा, त्याने १९३९ ची थोडी गुणगुणही सोसली पाहिजे.

१०/१४
खरा बिघाड ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे स्पर्श. तारांना हात लावताच घरघर कमी झाली, तर जोडणी ठीक आहे. वाढली, तर दोन जोड उलटे असण्याचा संभव. काहीच फरक पडला नाही, तर तारांचे अर्थिंग तुटले असावे. आर्चटॉपची घोडी लाकडी असते. म्हणून अर्थिंगची वायर धातूच्या टेलपीसला जोडलेली असते आणि तिथेच ती निसटते. स्पर्शाने झटका बसला, तर मात्र वादन तत्काळ थांबवावे. दोष अॅम्प्लिफायरच्या किंवा घरातील अर्थिंगमध्ये असू शकतो आणि तो जिवावर बेततो.

११/१४
माझ्या एका स्नेह्याला दुरुस्तीच्या दुकानात सांगण्यात आले की पिकअप ‘मेला’ आहे आणि आधुनिक पिकअपसाठी पाटी थोडी कापावी लागेल. आम्ही टेलपीस उघडला. वायरचे टोक जोडातून सुटून नुसते टेकलेले होते. सोल्डरचा एक थेंब पुरला. कोरीव स्प्रूसची पाटी एकदा कापली असती, तर ती कोणत्याही थेंबाने सांधली गेली नसती.

१२/१४
बटण फिरवताना खरखर झाली, तर दोष धुळीचा; आधी स्वच्छता करावी. आवाज अचानक पातळ आणि क्षीण झाला, खर्ज नाहीसा झाला, तर मात्र गुंडाळी तुटल्याची शंका घ्यावी. पिकअप जोडणीतून सोडवून मल्टिमीटर लावावा. रोध अनंत दिसला, तर तार तुटली. तरीही नवी गुंडाळी करण्यापूर्वी बाहेर येणाऱ्या दोन टोकांचे जोड तपासावेत. पुष्कळदा केसाएवढी ती तार तिथेच गंजून तुटते. जुन्या सेल्युलॉइडच्या पिकगार्डवर पिकअप असेल, तर त्यावरही नजर ठेवावी. ते कुजू लागले की त्याच्या वाफांनी शेजारचा धातू गंजतो.

१३/१४
‘रंगमंचावर वादकाला इतिहास नको, शांतता हवी,’ हा आक्षेप रास्त आहे. वाद्य वाजवण्यासाठीच असते. पण मग पिकगार्डवर बसणारा, पाटीला न भोसकणारा दुहेरी पिकअप लावावा आणि मूळ भाग वायर-स्क्रूंसह जपून ठेवावा. माझा विरोध बदलाला नाही. परत फिरता न येणाऱ्या बदलाला आहे.

१४/१४
दुरुस्तीचा क्रम म्हणूनच महत्त्वाचा : आधी तारा, मग स्पर्श, मग जोड आणि बटणे, मग मल्टिमीटर, कापण्याची करवत सर्वांत शेवटी, शक्यतो कधीच नाही. त्या पट्टीतील छोटीशी खाच पुसून टाकली, तर तिच्यामागचा विचारही पुसला जातो. आपल्याकडे जुने वाद्य असेल, तर आज टेलपीसखालची वायर तेवढी पाहावी आणि काय आढळले ते येथे अवश्य लिहावे. (समाप्त)