तारखेपलीकडचा प्रश्न

'गोवा क्रांतिदिन कोणता?' असे विचारताच प्रश्नमंजूषेतील मुले क्षणार्धात '१८ जून' असे उत्तर देतात. ही तत्परता कौतुकास्पद खरी. परंतु १९४६ साली त्या दिवशी मडगावात काय घडले, हे त्यांतील कितीजण सांगू शकतील? भाषणस्वातंत्र्य नाकारणाऱ्या पोर्तुगीज राजवटीत डॉ. राममनोहर लोहिया बंदी मोडून बोलावयास उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. मुक्ती आली ती त्यानंतर साडेपंधरा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी. संयोजकांनी अशा प्रत्येक तारखेला 'का?' हा प्रश्न जोडावा व त्यास दुप्पट गुण ठेवावेत, अशी आमची सूचना आहे. उत्तरास थोडा विलंब लागला तरी बिघडत नाही. बोलण्याचा हक्क फुकट मिळालेला नाही, एवढे मुलांना उमगले म्हणजे झाले.