फादर लोगन यांचे मौन

पॉल आंतेल्म यांच्या फ्रेंच नाटकावरून आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९५३ साली ‘आय कन्फेस’ हा चित्रपट काढला. खुनी पापनिवेदन करतो; त्याने खून झगा घालून केल्याने आळ फादर लोगन यांच्यावर येतो, तरी ते बोलत नाहीत. हे पटण्याजोगे नाही, असा समीक्षकांचा जुना आक्षेप. पुढे खुद्द हिचकॉक यांनीच त्रुफो यांच्यापाशी तो मान्य केला व हा चित्रपट काढावयास नको होता, असे म्हटले. ही शरणागती आम्हांस मान्य नाही. पापनिवेदनाची गुप्तता ज्याला ठाऊक नाही, त्यालाही दिला शब्द प्राणापलीकडे जपणारा माणूस कळतो. माँटगोमेरी क्लिफ्ट यांचे डोळे पाहावेत. त्यासाठी धर्मशिक्षणाचा वर्ग लागत नाही.

रूथच्या पूर्वप्रेमाची लांबलेली आठवण कथेचा ताण सैल करते, हे आम्हीही म्हणू. परंतु खरा दोष शेवटात आहे. आरंभीच्या एका पटकथेत निर्दोष धर्मगुरू फासावर जात होता. निर्मात्या कंपनीला ते रुचले नाही. पडद्यावर ज्यूरी त्यांना सोडते आणि खुन्याची पत्नीच सत्य सांगण्यास धावते. न पटणारे काही असेलच तर ही सोयीची सुटका, मौन नव्हे.