ग्रेड चुकली तर पैसे कोणाचे?

कापसाला ग्रेड लावण्यात माझी नोकरी सरली. एकाधिकार खरेदीच्या काळात केंद्रावर बंड्यांची रांग लागे. वरचा कापूस नेहमीच पांढराशुभ्र असतो, म्हणून मी हात कोपरापर्यंत आत घालून मूठ काढत असे. चिमटीत रुई ताणून धाग्याची लांबी बघायची, मुठीत दाबून ओलावा अजमावायचा, पाला आणि कवडी किती ते बघायचं आणि ग्रेड सांगून मोकळं व्हायचं. त्या एका शब्दावर समोरच्या माणसाचं वर्ष ठरे. "काहून कापता बाप्पा, नीट पाहा ना!" असं म्हणत तो हुज्जत घाली, आणि कित्येकदा मी पुन्हा मूठ काढून बघत असे.

निवृत्तीनंतर नाण्यांचा नाद लागला. आता त्या बाजारातही ग्रेडिंग आलं आहे. अकोला-अमरावतीच्या संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पारदर्शक प्लॅस्टिकच्या बंद डबीतल्या नाण्यांचे फोटो फिरतात. डबीवर कंपनीचं नाव, एक क्रमांक आणि 62, 64, 66 असा आकडा. सुटं नाणं एका भावाने, तेच डबीत घातलं की कितीतरी चढ्या भावाने. विकणारा मी नाही, घेणारा तुम्ही नाही, मत तिसऱ्याचं. मग घासाघीस कशाला, असा युक्तिवाद असतो. आयुष्यभर ग्रेड लावलेल्या माणसाला यावर चार शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही.

डबीचा उपयोग आहे, हे आधी मान्य करतो. खोट्या नाण्यांचा आपल्याकडे सुकाळ आहे. अमरावतीच्या इतवारा बाजारात काय किंवा एखाद्या जत्रेत काय, मारुती किंवा रामदरबार असलेलं, 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' असं लिहिलेलं पितळी नाणं हमखास दिसतं. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. शिवछत्रपतींचा सोन्याचा होन इतका दुर्मीळ, की कोणी सहज काढून दाखवला तर दोन पावलं मागे सरावं. मुंबई टांकसाळीचा 1939 चा जॉर्ज सहाव्याचा चांदीचा रुपया संग्राहकांच्या स्वप्नात येतो, आणि म्हणूनच त्याच्या नकलांना तोटा नाही. वैष्णोदेवीच्या 2012 च्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असल्या थापांवरही लोक फसतात. आपल्या नावाने असे व्यवहार करून पैसे उकळले जात आहेत, असा इशारा 2021 च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेला द्यावा लागला. अशा बाजारात जाणत्या माणसाने 'हे खरं आहे' असं सांगणं मोलाचंच आहे.

हा तिसरा माणूस आपल्याला नवाही नाही. पेशवाईत खजिन्यात येणारं नाणं पोतदार पारखून घेई. गावोगावचे सराफ घासलेल्या आणि परमुलखातल्या नाण्यावर बट्टा कापत. 1835 पासून कंपनीचा एकाच वजनाचा, 11.66 ग्रॅमचा, यंत्रावर पाडलेला रुपया सगळीकडे चालू लागला आणि बट्ट्याच्या धंद्याचा जोर ओसरत गेला.

आजची डबी अमेरिकेतून आली. तिथल्या दोन मोठ्या कंपन्या, पीसीजीएस 1986 ची आणि एनजीसी 1987 ची. नाणं कोणाचं हे पारखणाऱ्यांना सांगत नाहीत. दोघे-तिघे वेगवेगळं मत देतात आणि मग आकडा ठरतो. ही रीत मला पसंत आहे. खरेदी केंद्रावर माझ्यासमोर बंडीवाला उभा असे. पुढाऱ्याची बंडी आणि कोरडवाहूवाल्याची बंडी एकाच डोळ्याने बघणं किती जड जातं, ते ग्रेडरलाच ठाऊक.

माझी तक्रार आकड्याबद्दल आहे. एक ते सत्तरची ही पट्टी विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी आखली. एकचं नाणं एका डॉलरचं तर सत्तरचं सत्तर डॉलरचं, असा त्याचा सरळ हिशेब होता. तो भाव केव्हाच मोडला, पट्टी मात्र जगभर पसरली. याच शेल्डनने न्यूयॉर्कच्या नाणेशास्त्र संस्थेच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्या जागी आपले हलके ठेवले होते, हेही पुढे उघडकीला आलं.

आता चौसष्ट आणि पासष्ट यांतला फरक भिंग लावूनही दोन जाणकारांना सारखा सांगता येत नाही. भावात मात्र तो कधी दुपटीचा असतो. म्हणून लोक डबी फोडून तेच नाणं पुन्हा पाठवतात, एखादा आकडा चढून येईल या आशेने. ग्रेड अगदी वस्तुनिष्ठ आणि एकसारखी असते हा पीसीजीएसचा दावा अवास्तव आहे, असा आक्षेप 1990 मध्ये तिथल्या सरकारी व्यापार आयोगाने घेतला होता आणि कंपनीला तडजोड करावी लागली. 2007 मध्ये सीएसी नावाची आणखी एक संस्था निघाली. डबीवरचा आकडा शोभतो की नाही हे बघून ती वर हिरवी चिकटी लावते. ग्रेडरवर ग्रेडर! 2023 पासून तीही स्वतःच्या डब्या काढू लागली. आणि नकली नाणं नकली डबीत घालून विकणारेही मागे राहिले नाहीत.

तरी या कंपन्यांचं नाव टिकलं आहे. त्यामागचं कारण भिंगात शोधू नये, ते पैशात आहे. माझा पगार खरेदी करणाऱ्याकडून येई. नाण्याच्या ग्रेडरला पैसे देतो नाण्याचा मालक, आणि नाण्याची किंमत जास्त तर शुल्कही जास्त. म्हणजे निखळ तिसरा असा मीही नव्हतो आणि तोही नाही. फरक पुढे आहे. माझी ग्रेड चुकली तर तोटा शेतकऱ्याचा, माझ्या खिशाला झळ नसे. या कंपन्या मात्र हमी देतात: नाणं खोटं निघालं किंवा आकडा फुगवलेला ठरला तर भरपाई आमच्याकडून. ज्याला आपल्या चुकीचे पैसे भरावे लागतात, तो दोनदा बघतो. डबीची सारी पत या एका कलमावर उभी आहे. आपल्याकडेही आता असल्या डब्या करून देणारे निघाले आहेत. त्यांची चमकदार चिठ्ठी बघण्याआधी हे कलम त्यांच्या कागदावर आहे का, ते बघा. नसेल तर तो आकडा म्हणजे एका माणसाचं मत, आणि मत आपल्याकडे फुकट मिळतं.

वऱ्हाडासाठी मात्र हा प्रश्न इथे संपत नाही. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं. सरकार किंवा सरकारने नेमलेली संस्था सोडून ते कोणालाही देशाबाहेर पाठवता येत नाही. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गाजलेला 1911 चा रुपयासुद्धा आता त्यात बसतो. मराठेशाहीतल्या तांब्याच्या शिवराईबद्दल तर बोलायलाच नको. अमेरिकेतल्या डबीतली शिवराई कोणी दाखवली तर ती तिकडे कशी गेली, हा प्रश्न आधी विचारावा.

शिवाय पट्टी यंत्राच्या नाण्याची आणि आपली बहुतेक जुनी नाणी हातोड्याची. मोगलांच्या टांकसाळींत आपलं एलिचपूर, म्हणजे अचलपूर, होतं. त्या काळी ठशाचं तोंड मोठं आणि धातूची चकती लहान, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर सहसा येतच नाहीत. टांकसाळीचं नाव नेमकं चकतीवर उतरलेलं झिजकं नाणं, नाव बाहेर राहिलेल्या चकचकीत नाण्याहून मोलाचं. शिवराईच्या अक्षरांच्या वळणांतच अभ्यासकांची उमर जाते. हे सगळं एक ते सत्तरमध्ये कुठे मांडणार?

ज्या 1939 सालच्या रुपयासाठी लोक जीव टाकतात, त्याच साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, आता वाशिममध्ये गेलेल्या मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तांबं, शिसं, कथील यांच्या मिश्रधातूची मळकट नाणी. एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैनचं चिन्ह. डबीवाल्याने त्यांना तळचा आकडा दिला असता. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि कुंभ, कर्ण, शक अशा सातकर्णींची नावं बाहेर आली. पुराणांच्या वंशावळीत नसलेले हे राजे. ती एकाच ठिकाणची, एकत्र राहिलेली होती म्हणून हे साधलं. कुठे सापडलं, कशासोबत सापडलं, ही नाण्याची खरी जातकुळी, आणि डबीच्या चिठ्ठीवर तिला रकानाच नसतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नव्या काळचं, यंत्राचं, महागडं नाणं घेत असाल तर हमी देणारी डबी घ्या आणि तिचा क्रमांक व फोटो कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळा. साध्या रुपयाला डबी करू नका. तिचं शुल्क, टपाल आणि विमा यांत नाण्याची चांदी बुडते. घरातलं जुनं नाणं चिंचेने-राखेने घासू नका. घासलेल्या नाण्याला कुठलाच चांगला ग्रेडर आकडा देत नाही. वावरात हंडा लागला तर तो सराफाकडे फोडायचा नसतो. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

आपल्या विद्यापीठाने आणि अकोला-अमरावतीच्या जुन्या महाविद्यालयांनी महिन्यातला एक दिवस नाणी बघून देण्यासाठी ठेवावा. धातू तपासायचं यंत्र आज सराफ्यात आहेच. वजन, धातू, टांकसाळ, मिळाल्याचं गाव आणि बघणाऱ्याची सही, एवढा कागद पुरे. आपला माल असा आपल्या गावात, आपल्यासमोर तपासला गेला, तर पटलं नाही तेव्हा हुज्जतही घालता येते. प्लॅस्टिकशी कोण भांडणार?

आणि विकणाऱ्यांना एकच विचारायचं: खोटं निघालं तर पैसे परत, असं बिलावर लिहून देता का? जो लिहून देईल त्याचं सुटं नाणंही मी डोळे मिटून घेईन. जो उत्तर म्हणून डबीकडे बोट दाखवेल, त्याच्याकडून डबीतलंही घेणार नाही.