मनीषा बाहेर गेली ते बरंच झालं

गुदैबियात आम्हा भारतीयांच्या गप्पा क्रिकेटवरच सुरू होतात आणि क्रिकेटवरच संपतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये ह्याच बहारीनमध्ये आपल्या मुलींनी यजमानांना ५-० हरवलं, हे इथे किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे!

त्या संघातल्या मनीषा कल्याणने पुढच्याच महिन्यात ब्राझीलविरुद्ध गोल मारला. २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉनकडून ती युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, पहिलीच भारतीय. 'देश सोडला हो' म्हणून हळहळणारे मला भेटतात. अहो, त्या वर्षी आपली महिला लीग दीडेक महिन्यात उरकली. उरलेलं वर्ष तिने काय करायचं?

मीही पीएचडीसाठी असाच बाहेर पडलो. 'परत कधी येणार?' हे मला खुशाल विचारा. मी साठीपर्यंत प्रयोगशाळेत बसू शकतो. फुटबॉलपटूच्या पायांना तिशीनंतर अशी किती वर्षं मिळतात?