दुसऱ्याचं काम, आपलं प्रॉडक्ट

पुण्यात चार इंजिनियर चहाला एकत्र आले की तिसऱ्या कपाला एक वाक्य हमखास येतं - "यार, आपलं काहीतरी सुरू करायला पाहिजे!" मग प्रश्न येतो पैशांचा. त्याला उत्तरंही ठरलेली. एक म्हणतो गुंतवणूकदार शोधू. दुसरा म्हणतो नोकरी करत रात्री कोड लिहू. तिसरा, त्यातल्या त्यात व्यवहारी, म्हणतो, "आधी सर्व्हिसेसची कामं घेऊ. पैसे जमले की प्रॉडक्ट करू."

मला हा तिसरा मार्ग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. फक्त त्यातले "पैसे जमले की" हे तीन शब्द काढून टाकायला हवेत. का, ते सांगतो.

आधी मार्ग चांगला का ते बघू. क्विक हीलचं उदाहरण तर आपल्या घरचंच आहे. कैलाश काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे, म्हणून धाकट्या भावाने, संजय काटकरांनी, १९९० च्या दशकाच्या मध्यात अँटीव्हायरस लिहिला. बाहेरची मोठी गुंतवणूक आली ती २०१० मध्ये, आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. तिकडे अमेरिकेत मेलचिंप २००१ मध्ये सुरू झालं ते एका वेबडिझाइन कंपनीचं जोडकाम म्हणून. क्लायंटना ईमेल न्यूजलेटर पाठवायची होती, एवढंच निमित्त. मालकांनी डिझाइनची कामं बंद करून पूर्ण वेळ त्यात घातला तो २००७ मध्ये. बाहेरून गुंतवणूक न घेता वाढवलेली ही कंपनी २०२१ मध्ये इंट्यूटने साधारण १२ अब्ज डॉलरना घ्यायचं ठरवलं!

ह्या दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे. प्रॉडक्टची कल्पना गिऱ्हाइकाच्या दुखण्यातून आली. सर्व्हिसेसचा खरा फायदा मला हा वाटतो. पैसे मिळतातच, पण त्याहून मोठं म्हणजे लोक कशासाठी खिशात हात घालतात हे रोज फुकटात बघायला मिळतं. आणि दुसरं साम्य असं, की सेवेचं काम पूर्ण आटपेपर्यंत कोणीच थांबलं नाही. दोन्ही शेजारी शेजारी चाललं.

आता "पैसे जमले की" का चालत नाही, ह्याचा साधा हिशोब. समजा तीन जणांची कंपनी आहे. पगार, भाडं, इंटरनेट वगैरे मिळून महिना तीन लाख खर्च आणि क्लायंटला बिल चार लाखांचं. कागदावर महिना एक लाख शिल्लक. झकास! पण बिल लावायचं महिनाअखेर, आणि क्लायंट पैसे देणार ६० दिवसांनी. म्हणजे पहिला रुपया येईपर्यंत तीन महिने उलटले आणि नऊ लाख खर्च झाले. शिवाय बिल लावलं की पैसे येवोत न येवोत, त्यावरचा १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्यात भरायचा. दोन बिलांचे झाले १ लाख ४४ हजार. म्हणजे शिल्लक पडायच्या आधीच खिशातून साडेदहा लाख गेलेले. क्लायंट टीडीएस कापेल तो वेगळाच. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, उशीर झाल्यास व्याजही मागता येतं. पण एकुलत्या एका क्लायंटकडे व्याज मागायची हिंमत कोण करणार?

मग ही तंगी भागवायला दुसरं काम घ्यायचं, त्यासाठी दोन माणसं वाढवायची, त्यांच्या पगारासाठी तिसरं काम... माझ्या एका मित्राची अशी कंपनी आहे. सहा वर्षं झाली, माणसं चौदा, कमाई उत्तम. लॅपटॉपवर 'प्रॉडक्ट' नावाचं फोल्डर आहे. मी विचारलं, "शेवटचं कधी उघडलं होतंस?" तो हसला आणि म्हणाला, "अरे, मार्चनंतर बघू." कुठल्या वर्षीचा मार्च, ते मी विचारलं नाही.

त्यात वाईट काही नाही हं! चौदा घरं चालवणं ही लहान गोष्ट नाही. पण ज्यासाठी नोकरी सोडली ते काम हे नव्हे, आणि हे त्यालाही माहीत आहे.

शेतकरी पेरणीचं बियाणं वेगळं काढून ठेवतो. घरात कितीही चणचण असली तरी त्याला हात लावत नाही, कारण ते खाल्लं की पुढचं वर्ष गेलं. आपल्या धंद्यात बियाणं म्हणजे पैसे नव्हेत, वेळ आहे. तो उरणार नाही, आधीच काढून ठेवावा लागतो. आणि तो फार लागतो असंही नाही. शिकागोच्या थर्टीसेव्हन सिग्नल्सने क्लायंटची डिझाइनची कामं करता करता बेसकॅम्प बांधलं, तेव्हा त्यांचा प्रोग्रॅमर डेन्मार्कहून आठवड्याला फक्त दहा तास देत होता. २००४ मध्ये बेसकॅम्प बाजारात आलं, त्यातूनच रूबी ऑन रेल्स निघालं, आणि पुढे क्लायंटची कामं बंदच झाली.

तेव्हा माझ्या मते नियम चार. आठवड्यातला एक अख्खा दिवस प्रॉडक्टचा, क्लायंट कितीही ओरडला तरी. काम सुरू करायच्या आधी ॲडव्हान्स. एका क्लायंटकडून निम्म्याहून जास्त उत्पन्न नको, नाहीतर ती नोकरीच झाली, फक्त पीएफ नसलेली. आणि करार नीट वाचायचा. बहुतेक करारांत लिहिलेला सगळा कोड क्लायंटचा होतो. आपली आधीची लायब्ररी आपलीच राहील हे कलम घातलं नाही, तर प्रॉडक्टचा पाया दुसऱ्याच्या जमिनीवर.

अजून एक. तासावर बिल लावणं आता कमी करावं. एआयमुळे चार दिवसांचं काम दीड दिवसात होत असेल, तर तासाच्या बिलात वाचलेला वेळ क्लायंटचा. ठरलेल्या किमतीच्या कामात तो आपला, म्हणजेच प्रॉडक्टचा.

हा मार्ग सगळ्यांसाठी नाही, हेही मान्य. चिप बनवायची असेल किंवा दहा शहरांत गोदामं उघडायची असतील, तर वेबसाइटी बनवून ते पैसे कधीच जमणार नाहीत, तिथे गुंतवणूकदारच हवा. पण आपल्यातल्या बहुतेकांच्या डोक्यात जे असतं ते तीन माणसं, एक सर्व्हर आणि दोन वर्षं चिकाटी एवढ्यात होण्यासारखं असतं.

त्यातली दोन वर्षं कुठल्या वारापासून मोजायची, तेवढं ठरवा. मी म्हणेन शुक्रवार. सोमवारी क्लायंट फार फोन करतात!