शंभर वर्षांचा शाप

१९९० सालच्या मे महिन्यात व्हिएन्नात युरोपियन चषकाचा अंतिम सामना होता. पोर्तुगालचा बेन्फिका आणि इटलीचा मिलान आमनेसामने होते. सामन्यापूर्वी बेन्फिकाचा जुना गाजलेला खेळाडू युसेबियो शहरातल्या एका थडग्यापाशी गेला आणि त्याने क्षमेसाठी प्रार्थना केली. व्हायचे तेच झाले. बेन्फिका ०-१ असा हरला.

ते थडगे बेला गुटमान या हंगेरियन प्रशिक्षकाचे. १९६२ मध्ये बेन्फिकाला सलग दुसऱ्यांदा युरोपचे अजिंक्यपद मिळवून दिल्यावर त्यांनी जादा पैसे मागितले. क्लबने नाही म्हटले. तेव्हा ‘आता शंभर वर्षे तुम्हाला युरोपात यश नाही’ असे ते बोलून गेले, अशी आख्यायिका आहे. त्यानंतर बेन्फिकाने युरोपातल्या आठ अंतिम लढती गमावल्या. आपल्या पुराणांत शापाला उःशाप तरी असतो. इथे तोही नाही!

पण पैशांसाठी हटून बसणारा हा माणूस कोण होता?

गुटमान यांचा जन्म १८९९ साली बुडापेस्टमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. आईवडील नृत्यशिक्षक. बेला फुटबॉलकडे वळले आणि व्हिएन्नाच्या हाकोआ या ज्यू क्लबकडून खेळताना १९२५ मध्ये ऑस्ट्रियाचे विजेतेपद त्यांच्या वाट्याला आले. तोंडाने फटकळ. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हंगेरीच्या पथकात पदाधिकाऱ्यांचाच भरणा पाहून त्यांनी अधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या दारांवर मेलेले उंदीर टांगले, असे सांगतात. पुढे हाकोआबरोबर ते अमेरिकेला गेले, तिथेच राहिले, पैसा मिळवला आणि १९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत तो बहुतेक सगळा घालवला.

१९३९ मध्ये त्यांच्या हाताखाली बुडापेस्टच्या उइपेश्त संघाने देशाचे विजेतेपद आणि मध्य युरोपातल्या क्लबांचा मित्रोपा चषक जिंकला. मग महायुद्ध आले. १९४४ मध्ये जर्मन सैन्य हंगेरीत शिरले, तेव्हा चाळिशी ओलांडलेला हा नामवंत प्रशिक्षक एका माळ्यावर लपून दिवस काढत होता. पुढे सक्तमजुरीच्या छावणीत रवानगी झाली. त्याच छावणीत एर्नो एरबस्टाइन हे दुसरे फुटबॉल प्रशिक्षकही होते. दोघेही तिथून निसटले, म्हणून वाचले. गुटमान यांचे वडील, बहीण आणि इतर अनेक नातलग मात्र नाझींच्या हातून मारले गेले. एरबस्टाइन पुढे इटलीतल्या तोरिनो संघाचे प्रशिक्षक झाले आणि १९४९ च्या विमान अपघातात संघाबरोबरच गेले. या दिवसांबद्दल गुटमान पुढे फारसे बोलले नाहीत.

युद्धानंतर बुखारेस्टच्या एका क्लबात त्यांनी पगार पैशांत न घेता धान्य-भाजीपाल्याच्या रूपाने घेतला. नोटांना किंमत उरली नव्हती आणि पोट कोणाला चुकले आहे? पैशांवरून ते पुढे इतके का भांडत, हे मला या एका गोष्टीवरून उमगते.

मानाच्या बाबतीतही तसेच. १९४८ मध्ये किश्पेश्त संघात त्यांनी एका दांडगाई करणाऱ्या बचावपटूला मध्यंतरानंतर मैदानात उतरू नकोस असे बजावले. संघातला तरुण तारा फेरेन्क पुश्काश याने त्याला खुशाल खेळ म्हणून सांगितले. गुटमान काही न बोलता प्रेक्षकांत जाऊन बसले, घोड्यांच्या शर्यतीचे वर्तमानपत्र वाचत राहिले, मग ट्रामने घरी गेले. ते परत आलेच नाहीत. १९५५ मध्ये मिलानने संघ गुणतक्त्यात पहिला असताना त्यांना काढून टाकले. तेव्हापासून संघ अव्वल असताना मला काढता येणार नाही, असे कलम ते करारात घालून घेत. तिसरे वर्ष प्रशिक्षकाला घातक, असे त्यांचे मत होते. वीसएक संघ आणि दहाहून अधिक देश त्यांनी पालथे घातले. बेन्फिकात ते पूर्ण तीन वर्षे टिकले, हेच नवल.

१९६२ च्या ॲमस्टरडॅमच्या अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर रेआल माद्रिद होते आणि रेआलकडून खेळत होता तोच पुश्काश. पहिल्या अर्ध्या तासात दोन आणि मध्यंतरापूर्वी तिसरा असे तीन गोल त्याने एकट्याने केले. बेन्फिका २-३ असा मागे. मध्यंतरात गुटमान यांनी पुश्काशला नव्हे, तर त्याला चेंडू पुरवणाऱ्या डी स्टेफानोला जखडायला सांगितले. रसद तुटली. रेआलला पुढे एकही गोल करता आला नाही. बेन्फिकाने तीन केले, त्यातले शेवटचे दोन मोझांबिकहून आणलेल्या वीस वर्षांच्या युसेबियोचे. ५-३! सामना संपल्यावर पुश्काशने आपला शर्ट युसेबियोला दिला.

त्यानंतर तो पैशांचा वाद झाला. शापाची गोष्ट रंगवून सांगणारे एक मात्र विसरतात. १९६५ मध्ये बेन्फिकानेच गुटमान यांना परत बोलावले आणि ते गेलेही. एक हंगाम राहिले, पण युरोपियन चषक काही मिळाला नाही.

१९८१ मध्ये व्हिएन्नात त्यांचे निधन झाले. २०१४ च्या फेब्रुवारीत बेन्फिकाने आपल्या स्टेडियममध्ये त्यांचा पुतळा उभारला, दोन्ही हातांत एकेक युरोपियन चषक असलेला. त्याच वर्षी मे महिन्यात बेन्फिका युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात सेव्हियाकडून पेनल्टी किकवर हरला. शंभर वर्षे भरायला २०६२ उजाडावे लागेल.