टपालगाडीवानाच्या गाण्यातील गाळलेला प्रसंग

एखाद्या गाण्याखाली ‘लोकगीत’ एवढी नोंद दिसली की शोध संपला, असे मानण्याची प्रथा पडून गेली आहे. वस्तुतः शोध तेथून सुरू व्हावयास हवा. रशियातील टपालगाडीवानांची गाणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

टप्प्याटप्प्याला घोडे बदलीत धावणारी डाक रशियाने मंगोलांच्या अमदानीत उचलली. ‘याम’ म्हणजे डाकेचे ठाणे आणि ‘याम्श्चिक’ म्हणजे तेथला गाडीवान. ठाण्यावर किती घोडे मिळावयाचे हे प्रवाशाच्या हुद्द्यावर ठरे. या वेगाची किंमत मोजली ती घोड्यांनी, गाडीवानांनी आणि ठाण्यावरील कारकुनांनी. पुश्किनच्या १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेचा नायक असाच कारकून आहे. सरकारी उतरंडीत त्याचा दर्जा चौदावा, म्हणजे अगदी तळाचा. त्या दर्जाचा उपयोग मार चुकविण्यापुरता, आणि तोही नेहमी होतोच असे नाही, अशी पुश्किनची पुस्ती आहे.

अशाच एका ठाण्यावर तरुणपणी नोकरी केलेला गाडीवान मद्याच्या बैठकीत आपली कर्मकहाणी सांगतो, असे एक गीत रशियात घरोघरी गायिले जाते. वरिष्ठ त्याला तातडीचा लखोटा देतो. तो घोड्यावर स्वार होऊन निघतो. वादळात घोडा अकस्मात थबकतो, आणि रस्त्यावर बर्फाखाली त्याला आपली प्रेयसी मृतावस्थेत सापडते. पुढे सांगण्याचे त्राण त्याच्यात उरत नाही.

या गीताचा माग काढू लागले म्हणजे प्रथम यारोस्लाव्हलचा कवी लेओनीद त्रेफोलेव भेटतो. त्याने १८६८ साली ‘गाडीवान’ ही कविता लिहिली. पण तीही त्याची स्वतंत्र रचना नव्हे. व्वादिस्वाव सिरोकोम्ला या टोपणनावाने लिहिणाऱ्या पोलिश कवीच्या १८४४ मधील कवितेचा तो अनुवाद. म्हणजे ज्याला अस्सल रशियन लोकांचे गाणे म्हणून मिरविले जाते, त्याचे मूळ झारच्या अमलाखालील परक्या भाषेत निघाले!

एवढ्यावर थांबले तर हा केवळ हक्क कोणाचा, हा वाद ठरेल. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. त्रेफोलेवच्या कवितेत गाडीवानाला वाटेत कोणाची तरी आर्त हाक ऐकू येते. तो वळू पाहतो. परंतु ठाण्यावरचा अधिकारी आठवून कचरतो. परतताना वाचवू, अशी मनाची समजूत घालतो, आणि ती क्षीण हाक कानी पडू नये म्हणून चक्क शिंग फुंकतो. पहाटे परत येताना त्याला प्रेत आढळते ते आपल्या वाग्दत्त वधूचे. लोकांच्या मुखी रूढ झालेल्या पाठात यातील हाक नाही, भीती नाही, शिंगही नाही. उरला आहे तो फक्त दैवाचा घाला.

गाळणी निर्मळ पाणी देते, तसे लोकमुख उत्तम तेवढेच राखते, असे लोकसाहित्याचे काही अभिमानी म्हणतात. येथे मात्र गाळला गेला तो कवितेचा गाभा. हुकूम आणि माणुसकी यांच्या ओढाताणीत एक सामान्य नोकर हुकमाची बाजू घेतो, हे मूळ दुःख होते. बैठकीत प्याला हाती घेऊन गाणाऱ्याला ते सोसवले नसावे. स्वतःच्या अपराधापेक्षा नशिबाला बोल लावणे केव्हाही सोपे. तथापि गाणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी त्या कथेला सूर दिला नसता तर त्रेफोलेवचे नाव आज कितीजणांनी काढले असते, हा प्रश्नच आहे.

दोष द्यावयाचा तर तो छापणाऱ्यांना. इव्हान सूरिकोवच्या कवितेतून निघालेले, उघड्या माळावर गारठून मरणाऱ्या गाडीवानाचे गीतही असेच ‘लोकगीत’ म्हणून रुळले. गायकाने पाठ बदलावा, तो त्याचा अधिकार आहे. संपादकाने मात्र छापील मूळ आणि गायिलेला पाठ असे दोन्ही, सालांसह, शेजारीशेजारी द्यावयास हवेत. त्याला खर्च येतो तो दोनचार जादा पानांचा. ती पाने वाचविली की वाचकाच्या हाती मृत प्रेयसी तेवढी येते, आणि वादळात वाजलेले ते शिंग त्याला कधीच ऐकू येत नाही.